ओटीच्या भिंतीचा रंग

सर, गेल्या आठवड्यात तुमच्या ओटीच्या भिंतीवर चार माणसांनी पंपाने चहाचं पाणी मारलं. आधी चहाचं, मग मातीचं, मग काजळी कालवलेलं. मी तिथेच टॅब हातात धरून उभा होतो. भिंत टॅबमधल्या चित्रासारखी दिसायला लागली की मान हलवायची, एवढंच माझं काम होतं, आणि मी ती हलवली. त्यानंतर दोन दिवस जेवायला बसलो की तो शिळ्या चहाचा वास नाकात यायचा आणि ताट बाजूला सरकवावंसं वाटायचं. मी आजारी नाही. मला किळस आली आहे, आणि नक्की कुणाची आली आहे हे लिहून काढल्याशिवाय कळणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली.

तुम्ही होतात तेव्हा मी मुंबईत जाहिरातींचे सेट रंगवायचो. आता ब्रश हातात धरत नाही. सिनेमाचं शूटिंग सुरू होण्याआधी तो पडद्यावर कोणत्या रंगांत दिसेल ते संगणकावर दाखवून देतो. सॉफ्टवेअरमध्ये घर उभं करायचं, त्यात माणसं ठेवायची. सप्टेंबरातलं सकाळी आठचं ऊन मागितलं की ते त्या दारातून तसंच तिरपं आत येतं. भिंतीचा रंग, लुगड्याचा रंग, डोंगराचा हिरवा, प्रत्येकाला एक पट्टी असते, बोटाने सरकवली की रंग कमीजास्त होतो. दिग्दर्शकाने होकार दिला की ते चित्र पक्कं झालं. मग कपडेवाले, सेटवाले, कॅमेरावाले, सगळ्यांनी त्याबरहुकूम वागायचं. काम वाईट नाही, सर. ऐनवेळचे घोळ त्याने वाचतात. मी ते नीट करतो आणि वेळेवर देतो, म्हणून मला बोलावतात.

रंगाच्या बाबतीत तुमचा ओरडा मी एकदाच खाल्ला. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी तुम्ही आम्हा पाच जणांना पोलादपूरहून एसटीने महाडला आणलंय आणि आदल्या संध्याकाळी चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून आमची सरावाची चित्रं बघताय. माझ्या कागदावर एक घर आहे. तपकिरी भिंती, पोपडे, तडे, दारात गुडघ्यांना मिठी मारून बसलेली म्हातारी. मला ते फार कलात्मक वाटतंय. तुम्ही विचारता, “हे कुणाचं घर?” मी म्हणतो, “गरिबाचं, सर.” “आणि तुझं घर कसंय?” “पांढरं. खाली तांबडी काव लावलेली.” “म्हणजे तू श्रीमंत?” बाकीचे चौघे फिदीफिदी हसतात. तुम्ही हसत नाही. “गरीब माणूस घराला चुना देत नाही, हे तू कुठं बघितलंस? बघितलंस, की कुठल्या कॅलेंडरवरून उचललंस?” कागद परत माझ्या मांडीवर ठेवता आणि सांगता, काढ पुन्हा. मी अंधार पडेपर्यंत काढत राहिलो, मनात तुम्हाला शिव्या देत.

आता या सिनेमाचं. डोंगरातल्या वाडीत एकटी राहणारी म्हातारी, अशी गोष्ट आहे. दिग्दर्शक माझ्याहून बराच लहान, गुणी, कुणालाही अरेतुरे न करणारा. त्याला घर कसं हवं ते शब्दांत सांगता येईना, म्हणून मी माझ्या संग्रहातला एक फोटो त्याच्यापुढे ठेवला. तो तुमच्याच घराचा होता. तुम्ही गेल्यानंतरच्या दिवाळीत मी काकूंना भेटायला आलो तेव्हा काढलेला. ओटीच्या भिंतीवर राखाडी-हिरवट ओल, चुन्याचे पापुद्रे, आणि दारातून येऊन त्यावर पडलेला उजेड. त्या फोटोवरून मी कधीच एक रंगछटा तयार करून सॉफ्टवेअरमध्ये साठवून ठेवली होती. एका विम्याच्या जाहिरातीत ती वापरली, एका खोकल्याच्या औषधाच्या. दिग्दर्शक फोटोकडे बघत राहिला आणि म्हणाला, “दादा, सिनेमा हाच आहे.” डोंगराचा हिरवा तेवढा त्याला खुपत होता. पर्यटनाच्या जाहिरातीसारखा दिसतो म्हणाला. मी पट्टी खाली ओढली. तुमच्या उमरठकडचे सगळे डोंगर, पावसाळा नुकता सरलेला असताना, मी दोन सेकंदांत वाळवून टाकले. चित्र पक्कं झालं. मग असं घर कुठे मिळेल हा प्रश्न आला, आणि मीच म्हणालो, असं काय, तेच घर आहे की.

शूटिंगच्या चार दिवस आधी आम्ही वर आलो तर घर नव्या नवरीसारखं. काकूंनी आम्ही येणार म्हणून चुना दिला होता. महाडहून कळीचा चुना मागवला, पिंपात विरवला, नीळ घातली आणि शिडी लावून स्वतः कुंचा मारला, या वयात. खाली कावेचा पट्टा, दारावर गेरूची दोन बोटं. भिंत निळसर पांढरी झाली होती, बघायला डोळे बारीक करावे लागत होते. “कसं वाटतं रे? म्हटलं सिनेमात दिसायचं, तर घाणेरडं नको.” दिग्दर्शक वाकून पाया पडला, चहा प्यायला, अंगणात आला आणि मला हळूच म्हणाला, “दादा, हे आपल्या चित्रात बसत नाही.” चित्र बदलता आलं असतं. मला एक दुपार लागली असती. पण त्या चित्रावरून लुगडी रंगून आली होती, दिवे मागवले होते, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांना ते आवडलं होतं. भिंत बदलणं सोपं होतं.

काकूंना सांगायचं माझ्यावर आलं. मी टॅब उघडून चित्र दाखवलं. म्हटलं, “काकू, दोन दिवस भिंत अशी करायची, मग पुन्हा चुना देऊन देतील.” शेजारची सून डोकावून म्हणाली, “घ्या! मुंबयवरून माणसं आली रंग काढायला. आमच्याकडं तर पाऊस फुकट काढतो.” काकू हसल्या. “आणि माझ्या ओटीवर दुसरी म्हातारी बसवणार. मी काय मेले काय रे?” मग त्यांनी टॅब हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. हसू गेलं. “ही आमचीच भिंत हाय. तुझे सर गेले त्या वर्षाची.” त्यांनी काचेवरच्या ओलीवर बोट ठेवलं. “वर्षाच्या आत सण नाय करायचा, म्हणून चुना नव्हता दिला मी. गणपती नाय, दिवाळी नाय. तेवढी एकदाच अशी होती. त्याच्या आधी नाय, नंतर नाय.” मग म्हणाल्या, “हा फोटू कुठं गावला यांना?” मी म्हणालो, “ऑफिसातून आला असेल.”

त्यांनी टॅब परत दिला. “मी नाय म्हणू काय? तू सांग. तू म्हणशील तर नाय म्हणते.” सर, हा प्रश्न त्यांनी दिग्दर्शकाला विचारला नाही, मला विचारला. ओटीवर आम्ही दोघंच होतो, सून पाणी भरायला गेली होती. एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, “दोनच दिवसांचं आहे, काकू.” “बरं,” त्या म्हणाल्या आणि आत जाऊन कपबशा विसळायला लागल्या.

पोलादपूरला मुक्कामाला उतरताना गाडीत मी दिग्दर्शकाला सगळं सांगितलं. फोटो कधीचा आहे, त्या वर्षी चुना का नव्हता. मला वाटलं, ऐकून त्याला लाज वाटेल, तो म्हणेल राहू दे, भिंत आहे तशी घेऊ. त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. त्याचे डोळे भरून आले होते. “कमाल आहे, दादा,” तो म्हणाला. “म्हणजे आपला अख्खा सिनेमा एका दुखवट्याच्या रंगात आहे. आणि हे तुमच्याकडे इतकी वर्षं होतं!” मुलाखतीत सांगू का, असंही विचारलं. मला त्याचा राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप घेऊन चौघे वर गेले.

शूटिंग झालं. चुना द्यायला माणसं येणार म्हटल्यावर काकूंनी नको सांगितलं. “दिवाळीला मी देईन. तुमची माणसं खाली काव सांडतात.” तोवर काकू त्याच भिंतीला टेकून तांदूळ निवडतात. निघताना मी बघितलं, पाठ टेकण्याआधी त्यांनी जुना टॉवेल मध्ये घातला होता, लुगड्याला काजळी लागू नये म्हणून.

हे पत्र टाकायचं तर तुमचा एकच पत्ता माझ्याकडे आहे, आणि तिथे पाकीट काकू फोडतील, शेजारच्या सुनेकडून वाचून घेतील. फोटो कुणी काढला ते त्यांना तसं कळायला नको. त्यामुळे ते इथेच राहील. एक गोष्ट वर चुकीची लिहिली आहे, ती तेवढी दुरुस्त करतो. दिग्दर्शक ‘कमाल आहे’ म्हणाला तेव्हा मला राग आला, असं मी लिहिलंय. राग नंतर आला, खोलीवर गेल्यावर. गाडीत ते ऐकून मला बरं वाटलं होतं, सर.