बाटल्यांवरची तिथी

मंगळवार, दिवेलागण

उद्या मॅडमना काय सांगू? बुडालेल्याच्या शरीरात पाण्याबरोबर गेलेल्या सूक्ष्म शैवालांच्या डीएनएवरून तो कुठे बुडाला हे ओळखता येतं का, यावर सध्या बरंच काम चाललंय. माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी चार आठवडे दर सोमवारी बरोबर दहाला आमच्या खाडीचं पाणी भरलं. चार सोमवारच्या चार बाटल्या, बोर्लीच्या बाजारातून आणलेली चार लेबलं. दर आठवड्याला शैवालं वेगळी दिसली. मॅडम खूश झाल्या, उद्या वर्गात मांड म्हणाल्या.

आज बाबा जाळं शिवता शिवता लेबलं बघत होते. "यावर तिथी कुठं हाय?"

"वेळ लिहिलीये ना, बाबा."

"बाय, भरती-ओहोटी तिथीवर चालते, घड्याळावर न्हाय. एका सोमवारी दहाला भरती, पुढच्या सोमवारी ओहोटी. एकदा दर्याचं पाणी भरलंस, एकदा नदीचं. बदलणार न्हाय तर काय?" मग हसले. "पदवी घेतलीस, पंचांग न्हाय बघितलंस."

मला कसं सुचलं नाही? होडीवाल्याची मुलगी ना मी? उद्या कुणी खरंच बुडालं आणि माझ्या नोंदीवरून घरच्यांना भलतीच जागा सांगितली तर?

बाबांनी तिथ्या सांगितल्या, मी लेबलांवर लिहिल्या. उद्या वर्गात माझी ही चूकच मांडेन. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून मॅडमचं नाव होतं. त्याखाली बाबांचं लिहिलं.