कासाबाईचा निरोप

११ नोव्हेंबर

"तू हाईस म्हणून फोनात बोलायले बाई. फोनाचा काय भरवसा!" — तीन वर्षांपूर्वी, आमचं ॲप नवं होतं तेव्हा कासाबाई म्हणाली होती. दोन घरं सोडून तिचा शेळ्यांचा गोठा.

काल तिची गाभण शेळी गेली. जनावरांच्या डॉक्टरांची गाडी बोलवायला तिनं ॲपवर निरोप ठेवला होता. तो डॉक्टरांपर्यंत पोचलाच नाही. आमचा सर्व्हर दुपारपर्यंत मेमरी खाऊन फुगतो, मग परभणीच्या ऑफिसातला हरिओम तो बंद करून पुन्हा चालू करतो. त्या बंद-चालूत निरोप पुसला गेला.

भांडली नाही. आज येऊन माझ्या ओट्यावर तिचा फोन ठेवला. "ऱ्हाऊ दे तुज्यापाशी."

१२ नोव्हेंबर

हरिओमचा फोन. "ताई, बंद करून चालू केलं. लय पळायलंय आता!"

म्हटलं, अरे, पण बंद केला की पुरावाही जातो ना! काय साठतंय ते बघायला सर्व्हरला फुगूच द्यावं लागतं.

"लोक शिव्या मला घालायलेत ताई, तुमाला न्हाई."

खरंय त्याचं.

१३ नोव्हेंबर

डोळे चुरचुरतात. भाकरी करपली.

१५ नोव्हेंबर

हरिओम भाच्याच्या जावळाला चारठाण्याला गेला — फोन लागेना! सर्व्हर फुगत होता, मी फुगू दिला. निरोप हळू जात होते, पण जात होते.

सकाळी, दुपारी, संध्याकाळी मेमरीत काय काय आहे ते उतरवून घेतलं. मेमरी कोण खातंय ते दाखवणारा प्रोफायलर लावून ताडून पाहिलं. सकाळी नव्हतं, दुपारी आलं आणि संध्याकाळीही हललं नाही, असं काय? — निरोपांसोबत येणारे फोटो! आमचा कोड ज्या भाषेत आहे ती रुबी नको असलेलं आपण होऊन झाडून काढते, पण कुणी धरून ठेवलेल्याला हात लावत नाही. फोटो लहान करणाऱ्या कोडनं प्रत्येक मूळ फोटो एका यादीत धरून ठेवलेला.

आणि फोटो तरी केवढे! कासाबाईचा दीर येडबा एका लंगड्या शेळीसाठी अख्ख्या कळपाचे पाठवतो. मागं मी विचारलं तर म्हणे, "एकीचाच कसा काढू वैनी? बाकीच्या रुसतील की!"

या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

१७ नोव्हेंबर

ती यादीच काढून टाकली. नवा कोड चढवला. मेमरीचा आलेख दिवसभर सपाट. पुण्याहून आमच्या वरिष्ठांचा, महारुद्र सरांचा मेसेज — "शाब्बास राजेश्री! सोमवारपासून आणखी तालुके जोडू." हरिओम पेढे मागायलाय.

तिचा फोन घेऊन कासाबाईकडे गेले. नीट झालं, म्हणाले. शेळीच्या पाठीवरचा हात न काढता तिनं विचारलं, "म्हंजी आता निरोप हरवायचा न्हाई?"

हो म्हणायला तोंड उघडलं. मग बघून सांगते, म्हणाले. फोन तसाच परत आणला.

१८ नोव्हेंबर

हरवेल. फुगणं थांबलं, पण आलेले निरोप अजूनही सर्व्हरच्या मेमरीतच रांगेत थांबतात. तो कशानंही बंद झाला की सगळे पुसले जातात. काल माझा कोड चढवतानाही तो बंद-चालू झाला! तेव्हा रांगेत कोण होतं, कुणास ठाऊक.

सरांना लिहिलं — निरोप येताक्षणी डेटाबेसमध्ये कायमचा उतरवायची सोय होईपर्यंत ॲप बंद ठेवू या. तोवर लोकांनी सरळ डॉक्टरांना फोन करावा. नवे तालुके आत्ता नकोत.

नाहीच म्हणतील. पाठवलं.