धाकटीचा राखाडी स्वेटर आणि माझ्या दोन खोल्या

मी, खाली सही करणारी निवृत्त परिचारिका, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची साक्ष कायद्याला लागत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. आधी कुणाला काही तोंडी कबूल केलं असेल, तर ते रद्द समजावं.

कलम १. भाच्याला लोखंडी कपाट आणि माझ्या सोन्याच्या बांगड्या द्याव्यात. घर मिळणार नाही. मी आजारी असताना त्याने तब्येतीच्या आधी खोल्यांची लांबी-रुंदी विचारली, हे मी विसरलेले नाही. लहानपणी तो माझ्या कुशीत झोपायचा, हेही विसरलेले नाही, म्हणून बांगड्या.

कलम २. क्रोशाने विणलेला राखाडी लोकरीचा स्वेटर माझ्या मैत्रिणीला द्यावा. इस्पितळात आम्हाला थोरली-धाकटी म्हणत, पण रक्ताचं नातं काही नव्हतं. दोघी परिचारिका, वसतिगृहात एका खोलीत राहायचो. ती सदा गारठलेली, म्हणून मी स्वेटर विणायला घेतला. "सपाट नको गं," ती म्हणाली, "बोटांना काहीतरी लागलं पाहिजे." मग खांबांना, म्हणजे उभ्या टाक्यांना, मागून-पुढून वेढे देत उठावदार वेण्या काढल्या, मधूनमधून फुगीर टाके भरले. अशी वीण लोकर फार खाते आणि वेळही. मला घाई नव्हती. माप घ्यायच्या निमित्ताने तिला समोर उभं करता येत होतं.

बाह्या राहिल्या असताना तिचं लग्न ठरलं. नवरा विधुर, पदरी दोन मुलं, गाव लांबचं. "बाह्यांचं माप पुढच्या खेपेला घे," म्हणाली. ती खेप आलीच नाही. बाह्या मी अंदाजाने विणल्या. स्वेटर पाठवला मात्र नाही. पाठवला असता, तर तिला यायला कारण उरलं नसतं.

ती आली गेल्या हिवाळ्यात. नवरा गेलेला, दृष्टीही गेलेली. सावत्र मुलगा तिला दारात सोडून गेला. मी स्वेटर तिच्या मांडीवर ठेवला. ती कितीतरी वेळ वेण्यांवरून बोटं फिरवत राहिली.

"इथे एक वेणी उलटी वळलीय," ती म्हणाली.

"लग्नाचं सांगितलंस, त्या दिवशीची आहे ती."

"उसवली का नाहीस?"

मी चहा ठेवायला उठले. परत आले तेव्हा तिने स्वेटर अंगात घातला होता. बाह्या मनगटापर्यंत नेमक्या आल्या होत्या.

"माप कुठून आणलंस गं?"

मी कप तिच्या हातात दिला आणि विचारलं, "इथेच राहतेस का?"

तिने फुंकर घालून चहा निववला. "राहीन. पण कोण म्हणून राहू? तिकडेही कधी लेकाकडे, कधी लेकीकडे. सगळीकडे पाहुणी."

आठवडाभराने मुलगा न्यायला आला. जाताना तिने स्वेटर काढून माझ्या हातात दिला. "असू दे इथे. यायला निमित्त हवं." अजून आलेली नाही. फोन मुलगाच उचलतो, ती झोपली आहे म्हणतो. झोपलेली असेलही.

कलम ३. म्हणून या दोन्ही खोल्या, बँकेतल्या ठेवीसह, मी तिच्या नावे करते. तिने इथे मालकीण म्हणून राहावं. मी असेतो ती आली, तर हे कलम मीच तिला मोठ्याने वाचून दाखवीन.

कलम ४. याची अंमलबजावणी खालच्या मजल्यावरच्या शिंपीदादांनी करावी. दादा, तिला आणायला तुम्ही स्वतः जा. जिन्यात तिचा हात धरू नका, तिला आवडत नाही. आपला खांदा पुढे करा. आत आल्यावर ती मला हाक मारील. तेव्हा गप्प राहू नका. थोरली गेली, असं सरळ सांगा, आणि ती बसेपर्यंत जवळ थांबा.

हे मी वाचून पाहिलं. खाडाखोड नाही. साक्षीदारांच्या समोर सही करते आहे.

सही: थोरली, निवृत्त परिचारिका

साक्षीदार:
१. इस्पितळातल्या माझ्या जुन्या डॉक्टरीणबाई (मी शुद्धीवर असल्याची खात्री त्यांनी केली आहे)
२. कोपऱ्यावरचे औषधवाले

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: फेब्रुवारीची अठ्ठावीस, दुपार