एकशे बाराव्या पानाची दुरुस्ती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय संशोधन, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणीही मानगुटीवर बसलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. कन्येने आत्ताच माझा रक्तदाब मोजला, मग स्वतःचाही. तिचा जास्त भरला.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव यजमानांना, त्यांच्या पश्चात कन्येला. यजमान घड्याळजी. लोहचुंबक जवळ आलं की घड्याळं बिघडतात, म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बजावलं, "तू घरात ये, तुझं चुंबक बाहेर ठेव." कामाचं चुंबक माझ्या पर्समध्ये असे. तेव्हापासून पर्स प्रयोगशाळेतच मुक्कामाला राहिली. याचं पुढे काय झालं ते कलम ४ मध्ये येईल.

२. सदर चुंबक धाकट्या दिरांना. भावजी आयुष्यात कुठेही वेळेवर पोचलेले नाहीत. चुंबक लागलं की चावीचं घड्याळ पुढे पळतं, असं यजमान सांगतात. निदान माझ्या अंत्ययात्रेला तरी त्यांनी वेळ गाठावी.

३. ढवळायची मोटर, काचेच्या दांडीसह, संस्थेतल्या नव्या मुलांना. संस्थेत चुंबकावर चालणारी ढवळण्याची यंत्रं ढीगभर आहेत, पण आमचे कणच मुळात चुंबकाला चिकटणारे. पहिल्या वर्षी मी तसं यंत्र वापरलं आणि सगळा माल त्याला दाढीसारखा चिकटून वर आला. शेजारच्या टेबलावरचे प्राध्यापक तेव्हा जे हसले, ते निवृत्त होईपर्यंत हसत होते. त्यांना काहीही ठेवलेलं नाही.

४. आता मुख्य मुद्दा. लोखंडाच्या गंजाचे अतिसूक्ष्म कण, एका केसाच्या जाडीत हजारो मावतील असे, द्रवात तरंगते ठेवायचे, त्यांच्यावर कर्करोगाचं औषध चढवायचं आणि बाहेरून चुंबक धरून ते गाठीपाशी थोपवायचे, यात माझं आयुष्य गेलं. काम उंदरांपर्यंत पोचलं. त्यापुढे न्यायला चिमणी हवी होती.

चिमणी म्हणजे माझी विद्यार्थिनी. अंगाने एवढीशी, प्रश्नांचा चिवचिवाट अखंड. कण गोळा होऊन तळाशी बसू नयेत म्हणून त्यांच्यावर द्यायचा लेप तिच्याइतका कुणालाही साधला नाही. एकतीस वर्षांपूर्वी तपासणी समिती आली, त्या सकाळी तिच्या बाटलीतल्या कणांचा गाळ झालेला निघाला. नोंदवहीच्या एकशे बाराव्या पानावर मी लिहिलं, 'विद्यार्थिनीची हयगय'. तिने संशोधन सोडलं आणि शाळेत शिकवायला लागली.

गाळ तळाशी नव्हता. बाटलीच्या एका बाजूला चिकटला होता, आणि त्या बाजूला रात्रभर माझी पर्स होती. मला ते तेव्हाच दिसलं. समिती आत येण्याआधी मी बाटली गदागदा हलवली आणि तोंड मिटून उभी राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. मला त्याची लाज वाटते.

त्या पानावर आता लाल शाईने दुरुस्ती केली आहे: 'हयगय माझी.' खाली सही. या दुरुस्तीची प्रत संस्थेला द्यावी. नोंदवही आणि चांगल्या द्रवाची शेवटची बाटली चिमणीला.

हे वाचून वकीलबाई म्हणाल्या, "अहो, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. माफी जिवंतपणी मागायची असते." म्हणून चिमणीलाच आज साक्षीदार म्हणून बोलावलं. सत्तावन्नाव्या वर्षीही ती एवढीशीच आहे.

५. (बैठक चालू असताना जोडलेलं कलम.) चिमणीने कलम ४ दोनदा वाचलं.

"बाई, मला माहीत होतं," ती म्हणाली. "बाटली मीच धुतली ना. डाग एकाच बाजूला होता."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

मला रडू आलं, हे इथे नमूद करते.

वकीलबाईंनी मध्येच कायदा सांगितला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. चिमणीने सही केली तर वही नाही, वही हवी असेल तर सही नाही. ती बराच वेळ पेन धरून बसली. यजमान उगाचच घड्याळाला चावी देत राहिले. मग तिने पेनाला टोपण लावलं आणि खिडकीतून खालच्या शिंप्याला हाक मारली, "दादा, एक सही करायला वर येता का?"

ठिकाण: आमचं जेवणाचं टेबल.
दिनांक: अकरा, बुधवार, सकाळी सव्वाअकरा, यजमानांच्या घड्याळाप्रमाणे.

सही: मी, संशोधक
साक्षीदार १: वकीलबाईंचे टंकलेखक
साक्षीदार २: खालचे शिंपी, गळ्यात टेप तशीच

ता. क. बाटली आजच उघडून बघायचं ठरलं आहे. कलम २ मधलं चुंबक दाखवायला आजच्यापुरती घरात आणलेली माझी पर्स चिमणीने स्वतः दाराबाहेर नेऊन ठेवली.