हातोडा धनेशाच्या ढोलीत असल्याबाबत

प्रति,
मा. विभागीय वन अधिकारी साहेब,
विभागीय वन कार्यालय,
पहिला मजला, जिन्याशेजारची खोली.

विषय : खुणेचा हातोडा जमा करण्यास धनेश पक्ष्याची पिल्ले ढोलीबाहेर येईपर्यंत मुदतवाढ मिळणेबाबत.

संदर्भ : १) कक्ष क्रमांक नऊमधील वादळग्रस्त झाडे तोडण्याचा आपला आदेश, दि. १० मार्च.
२) मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस, दि. ९ एप्रिल.

महोदय,

सरकारी हातोडा हरवला कसा, असे नोटिशीत विचारले आहे. सविनय खुलासा करतो की हातोडा हरवलेला नाही. तो कक्ष नऊमधील झाड क्रमांक ४१ च्या ढोलीत आहे आणि त्याच्यावर धनेशाची मादी बसली आहे.

१. मी सव्वीस वर्षे वनरक्षक आहे. तोडायच्या झाडावर मी हातोड्याने ठसा उमटवायचा आणि ठशाशिवाय एक झाडही तोडायचे नाही, असा नियम आहे. याच हातोड्याने मी कक्ष चारमधील वठलेले, पोकळ, वाकडे असे एकूणएक झाड काढायला लावले. खालची झुडपेही ठेवली नाहीत. स्वच्छ जंगलाबद्दल कक्ष चारला दोनदा ढाल मिळाली. ती आपल्या खुर्चीमागच्या कपाटावर आहे. माझ्या पत्नीचे यावर म्हणणे असे की, घरात कधी केरसुणी हातात धरली नाहीत आणि जंगल मात्र झाडून पुसून काढलंत. हे केवळ नोंदीसाठी.

२. तीन वर्षांपूर्वीच्या वादळाने कक्ष नऊमधील निम्मी झाडे आडवी केली. रस्ता बंद झाल्याने तिथे साफसफाई करता आली नाही, याबद्दल मी तेव्हा लेखी दिलगिरीही व्यक्त केली होती. मग मोकळ्या जागी ऊन उतरले, झुडपे माजली, पडलेल्या खोडांत किडे झाले, आणि शेंडा मोडलेल्या झाडांना सुतारपक्ष्यांनी भोके पाडली. त्या भोकांत पुढे दुसरेच कोणकोण राहायला आले. यातील कशालाही मी परवानगी दिलेली नाही.

३. आपल्याच आदेशाने मी दर बुधवारी सकाळी दोन्ही कक्षांत ठरल्या जागी उभा राहून पक्षी मोजतो. गेल्या वर्षात कक्ष नऊमध्ये चौतीस जाती भरल्या, कक्ष चारमध्ये नऊ. हा तक्ता तीन वेळा परत आला. पहिला शेरा, ‘आकडे उलटे लिहिले आहेत का?’ दुसरा, ‘ढालप्राप्त कक्षात पक्षी कमी असणे सयुक्तिक वाटत नाही.’ तिसऱ्या वेळी नुसतेच लाल प्रश्नचिन्ह होते. म्हणून खातरजमेसाठी मी कक्ष चारमध्ये पुन्हा अर्धा तास उभा राहिलो. सरळ, उंच, एका मापाची झाडे, खाली लख्ख जमीन, आणि कुठे चिवचिव म्हणून नाही. साहेब, हे सगळं माझ्या हातचं आहे. मला तिथं उभं राहायची लाज वाटली. तक्त्यात त्यासाठी रकाना नसल्याने इथे लिहिले.

४. दि. १७ मार्च रोजी मी आदेशानुसार हातोडा घेऊन कक्ष नऊमध्ये गेलो. ठसा मारण्यापूर्वी पोकळ झाडाच्या ढोलीत हात घालून पाहावे लागते. टेकलेल्या खोडावरून चढून मी झाड ४१ ची ढोली पाहिली, त्या वेळी हातोडा आत गेला. धनेशाची जोडी आठवडाभर या ढोलीची पाहणी करत असल्याचे माझ्या डायरीत आधीच नमूद आहे. तळाशी हात पोचेना, म्हणून मी लांब आकडीची मागणी केली. ती मंजूर होण्यास अकरा दिवस लागले. तोवर मादीने आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेतले होते. बोटभर फट उरली आहे. नर तिथून तिला फळे भरवतो. लिंपण फोडल्यास अंडी जातील.

५. कार्यालयीन अडचण अशी की, जुना हातोडा जमा केल्याशिवाय किंवा तो हरवल्याचा दाखला दिल्याशिवाय नवा मिळत नाही. जमा करावा तर तो आमच्या ताब्यात नाही. हरवला म्हणावे तर कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. ठेकेदाराने झाडच तोडून हातोडा काढण्याचे सुचवले. परंतु झाड तोडायला ठसा लागतो आणि ठसा त्या झाडात आहे. हा मुद्दा मोठ्या लेखनिकांनी दोन कप चहा होईस्तोवर वाचला, मग फाईल मिटली.

६. पिल्ले जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाहेर येतील, तोपर्यंत मुदत मिळावी. तोडीच्या ठेक्याची मुदत ३१ मे रोजी संपते, ही बाब लेखनिकांनी माझ्या निदर्शनास आणून दिली. मला ती माहीत होती.

७. हातोडा दोरीने मनगटाला बांधलेला असताना पडलाच कसा, हा नोटिशीतील शेवटचा प्रश्न. मोठे लेखनिक माझे हितचिंतक आहेत. ते म्हणाले, “अहो, दोरी तुटली एवढं लिहून टाका, प्रकरण इथंच मिटेल.” त्यांचे उपकार आहेत, पण सव्वीस वर्षांत मी या कार्यालयाला खोटे लिहिलेले नाही आणि आता जमणारही नाही. दोरी सोबत जोडली आहे. साहेबांनी ती स्वतः पाहावी. मग जी शिक्षा करायची ती मला करावी, कक्ष नऊला करू नये, एवढीच हात जोडून विनंती.

सध्या हातोड्याविना,
आपला नम्र,
(सही)
वनरक्षक, कक्ष क्रमांक चार व नऊ
दिनांक : १५ एप्रिल

सोबत :
१) पक्षीमोजणीचा तक्ता (चौथ्यांदा, आकडे तेच).
२) ढोलीचे छायाचित्र. फटीत दिसते ती मादीची चोच आहे.
३) हातोड्याची दोरी. तुटलेली नाही. गाठ सोडलेली आहे.