निरोगी माणसाची नळी

३, सोमवार

आम्ही अख्खी प्रयोगशाळा सहा पेट्यांत भरून साथीच्या गावात आणली — आणि बर्फाची पेटी विसरलो! किटमधलं निरोगी रक्त नासलं. चाचणीच्या प्रत्येक फेरीत नक्की निरोगी माणसाची एक नळी लागते. ती निगेटिव्ह आली तरच बाकीचे निकाल खरे धरायचे. "मग पकडा की एखादा निरोगी," म्हणत ड्रायव्हर पसार झाला. एवढा धिप्पाड गडी, सुईला घाबरतो! शेवटी माझंच रक्त. रोज सकाळी एक नळी.

५, बुधवार

वीस नमुने, सात पॉझिटिव्ह. माझी नळी निगेटिव्ह. मास्तर माझ्यासारखेच तंत्रज्ञ, पण शिकवायची खोड जात नाही. "हातमोज्यांवर औषध दोनदा मारा, बाई." मारते हो!

८, शनिवार

नियमात बसत नव्हतं, पण डॉक्टरांच्या हातापाया पडून एका दिवसासाठी घरी आले. चिमणी मांडीवरून उठेचना. "आई, तुला औषधाचा वास येतो!" तिच्याच ताटात जेवले. डोकं जरा ठणकतंय. आठवडाभर झोप कुठे झालीय?

१०, सोमवार

माझी नळी पॉझिटिव्ह!! म्हणजे कुठेतरी नमुने एकमेकांत मिसळले. सगळी फेरी रद्द. अठरा माणसं विलगीकरणाच्या तंबूत, जाळीआड अडकून पडली. एक बाई जाळीपलीकडून सारखी विचारत होती, "माझ्या बाळाचं काय ते सांगा ना." काय सांगू? कागदावर निगेटिव्ह आहे, पण कागदावर विश्वास कसा ठेवू?

मास्तरांवर भरपूर तोंडसुख घेतलं. नळ्या तुम्हीच खेटून ठेवता, वगैरे. सगळं दोनदा पुसून काढलं, नवं रक्त घेतलं, पुन्हा फेरी लावली. पुन्हा तेच! एका जागी बसवत नाही.

११, मंगळवार

मास्तर म्हणाले, "आज दुसऱ्याचं रक्त घेऊन बघू." ड्रायव्हरला धरून बसवलं. डोळे गच्च मिटले होते पठ्ठ्याने. त्याची नळी निगेटिव्ह! पेट्या स्वच्छ, मास्तरांचा हात स्वच्छ. म्हणजे कालचे निकालही खरे — बाळ सुटलं!

इतकी हलकी झाले की मास्तरांची माफी मागायला धावलेच. ते दोन पावलं मागे सरले. "तिथेच थांबा, बाई."

१२, बुधवार

आता जाळीच्या आत मी. घरी फोन केला — चिमणीला वेगळ्या खोलीत ठेवा, ताप बघत राहा. मागून तिचा आवाज आला, "आई, या शनिवारी पण येशील ना?"