मी आईचा स्पॉन्सर

८ एप्रिल
आईवडिलांना कॅनडात बोलवायच्या सरकारी लॉटरीत माझं नाव निघालं. आता आईला फिलिपिन्समधल्या इलोइलोहून इथे विनिपेगला कायमचं आणता येईल. इथे इतके फिलिपिनो आहेत, सगळे आईवडिलांसाठी नाव टाकतात आणि हात चोळत बसतात. मला मात्र पहिल्याच फटक्यात. (तिसऱ्या. आधीच्या दोन वेळा मी मनापासून टाकलं नव्हतं.)
मरिविक म्हणाली, स्पॉन्सर व्हायला लागणारी मिळकत तिच्या नर्सिंग होममधल्या ओव्हरटाइममुळे भरते. बायको आहे, बोलणारच. मुख्य सही माझी.

९ एप्रिल
योजना ठरली. आई आली की स्वयंपाक आई बघेल, लेकीची शाळा आई बघेल, मरिविकची चिडचिड आपोआप कमी. आईलाही या वयात आराम मिळेल.

३० एप्रिल
चर्चमध्ये प्रार्थनेनंतर कॉफीच्या टेबलापाशी इमिग्रेशनचं मोफत मार्गदर्शन सुरू केलं. दोघं आले. एकाला साखर हवी होती.

१७ जून
अर्ज परत आला. सही राहिली म्हणे. माझी. ऑफिसवाले बारीकसारीक गोष्टींत फार अडकतात.

५ ऑगस्ट
पुन्हा परत. आईच्या जागी लेकीचा फोटो लागला होता. दोघींच्या चेहऱ्यात साम्य आहेच. मरिविकनं सगळे कागद माझ्या पुढ्यातून उचलले. आता मी देखरेख करतो.

२० नोव्हेंबर
आईचा फोन. विचारत होती, नवऱ्याला आणायलाही आईइतकाच वेळ लागतो का रे? शेजारच्या कुणाला तरी माहिती हवी असणार. आई पहिल्यापासून परोपकारी.
मी नीट समजावलं. नवऱ्याला लॉटरी नाही, मिळकतीची फारशी कटकट नाही. पण आई म्हणून येणाऱ्या बाईनं मध्येच लग्न केलं तर अख्खी फाइल पुन्हा हलते, आणि लग्न लपवलं तर तो माणूस कायमचा अडकतो. शहाण्या बाईनं आधी एकटीनं यावं, मग परत जाऊन लग्न करावं.
आई म्हणाली, थांब, लिहून घेते. मागून एक पुरुषी आवाज आला, त्याला जरा हळू बोलायला सांग. टीव्ही असावा.
मरिविक स्वयंपाकघरात का हसत होती कळलं नाही.

३ मार्च
डायरी सोफ्याखाली सापडली. मधलं वर्ष धावपळीत गेलं.
आई मेडिकलमध्ये पास. तिला सगळ्या ऑफिसांत फ्लोरांते नावाचे गृहस्थ नेतात आणि आणतात. पूर्वी जीपनी, म्हणजे तिकडची प्रवासी गाडी, चालवायचे, बायको वारली. बिचाऱ्यांना रिकामपण खायला उठत असेल. आईला म्हटलं, त्यांना माझ्याकडून थँक्यू सांग. म्हणाली, सांगते, इथेच आहेत, जेवतायत.

१४ ऑक्टोबर
आई आली. कायमची रहिवासी. विमानतळावर मी रडलो नाही, इथल्या थंडीत डोळ्यांतून पाणी येतंच. आईनं गालावरून हात फिरवला आणि विचारलं, इतका कसा रे सुटलास?

२ नोव्हेंबर
आईनं सुकी मासळी तळली. असल्या गारठ्यात वरच्या शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. मी तक्रार ऐकायला गेलो, आई ताट घेऊन मागून आली. आता ते रविवारी जेवायला येणार आहेत.

१० नोव्हेंबर
आईला बेकरीत काम लागलं. पहाटे जाते, दुपारी येऊन झोपते. त्यामुळे स्वयंपाक सध्या माझ्याकडे. तात्पुरता. आज कोंबडीचा अडोबो करपला. पातेलं पातळ आहे.

२४ नोव्हेंबर
चर्चमध्ये माझ्या टेबलापाशी गर्दी. अखेर लोकांना किंमत कळली. जवळ गेलो तर खुर्चीत आई. नवऱ्याला कसं आणायचं ते समजावत होती. शब्द न् शब्द माझा. एक बाई मला म्हणाली, भाऊ, जरा बाजूला व्हा, दिसत नाही.

६ डिसेंबर
आईनं जानेवारीचं तिकीट काढलं. मी म्हटलं, इतक्यात घरची आठवण? ती म्हणाली, नाही, लग्न आहे. कुणाचं, विचारलं. म्हणाली, माझं.
फ्लोरांतेशी.
मी खाली बसलो. मग उठून म्हटलं की गेलेल्या बाबांचा काही विचार केलास का, लोक काय म्हणतील, निदान मला विचारायचं तरी. मरिविकनं मध्येच विचारलं, तू आपल्या लग्नाच्या वेळी आईला विचारलं होतंस? हा प्रश्न इथे लागू नाही.
आई चिडली नाही. चहा ढवळत म्हणाली, रोदेल, तू दर रविवारी फोन करायचास आणि तुझी सर्दी सांगायचास. तो रोज येऊन माझी सर्दी विचारायचा.
मी गाडीवरचा बर्फ काढायला गेलो.

७ डिसेंबर
बेकरीतून आईला घेऊन आलो. वाटेत विचारलं, सर्दी आहे का? म्हणाली, नाही. बरं, म्हटलं.

२० जानेवारी
लग्न फोनवर पाहिलं. आई निळ्या पोशाखात. फ्लोरांते कराओकेवर गायले, बेसूर. आई त्यांच्याकडे बघत होती. बाबांकडे अशी बघताना मी तिला पाहिलेलं नाही. नेट वारंवार जात होतं, बरंच झालं.

१५ फेब्रुवारी
आई परतली आणि नवऱ्यासाठी अर्ज केला. मी मदत करू का, विचारलं. आई आणि मरिविक एकदम नको म्हणाल्या. तरी पाकिटावर तिकीट मी चिकटवलं.

९ मे
फ्लोरांतेंचा अर्ज सुरळीत पुढे सरकतोय. एकदाही परत आला नाही. ऑफिसचा कारभार सुधारलेला दिसतो. दोघं बेकरीच्या वरची खोली घेणार आहेत. मी म्हटलं, इथेच राहा की. आई म्हणाली, तुझ्या हातचं खाऊन?

११ मार्च
फ्लोरांते आले. न्यायला मी गेलो, कारण गाडी माझी आहे. आईनं ओळख करून दिली. हा माझा रोदेल. याला फारसं काही येत नाही, पण मनानं चांगला आहे आणि गाडी छान चालवतो.
गाडी छान चालवतो, असं आई पहिल्यांदाच म्हणाली.
घरी येताना वळण चुकलं. समोरून ऊन येत होतं. मग फ्लोरांतेंनी चावी मागितली, मी दिली. पहिल्यापासून त्यांनीच चालवली असती तर लवकर पोचलो असतो, असं मरिविकचं म्हणणं आहे. त्यांना रस्ते माहीत नाहीत, असं माझं म्हणणं आहे. मी मागच्या सीटवर बसलो होतो.